त्रेचाळीस विरुद्ध एक

बाबारावांनी चष्मा कपाळावर चढवला, बोट पुढे केलं आणि उजव्या भिंतीपासून हात मोजायला सुरुवात केली.

"खाली घेऊ नका कोणी. मांगच्या वख्ताले दोन डाव मोजा लागलं."

रविवारची सकाळ होती आणि बुद्धवंदना नुकतीच आटोपली होती. दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या या गावात विहार बांधून झाला त्या दिवसापासून बाबाराव समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या दिवसापासून इथे कुठलीच गोष्ट मताशिवाय झालेली नव्हती. पंखा कुठे लावायचा, याला मत. खिरीत गूळ की साखर, यालाही मत. त्यात गूळ तीन मतांनी हरला होता आणि गूळवाले अजून धुसफुसत होते. आमच्याकडे कोण्या पाटलाचा शब्द चालत नाही, हात चालतो, असं बाबाराव पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगत. तो अभिमान खोटा नव्हता. ज्यांच्या आजोबांना गावच्या बैठकीत दारातसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं, त्यांना हात वर करण्याचं अप्रूप असणारच.

पण आज ज्या गोष्टीवर हात मोजले जात होते, ती गोष्ट हात मोजून ठरवायची नव्हती. हे त्या भरल्या विहारात दोनच बायांना कळत होतं.

त्यातली एक नलू. तिची उर्वशी अकरा वर्षांची. चार दिवसांपूर्वी भाकरी थापता थापता नलूने तिला सहज विचारलं, विहारातल्या रविवारच्या वर्गाची वही कुठे आहे गं, तर पोरगी रडायलाच लागली. संघदीप सर वर्ग सुटल्यावर तिला एकटीला मागे थांबवून घेतात, नको तिथे हात लावतात, आणि घरी सांगितलंस तर नवोदयच्या परीक्षेला बसू देणार नाही म्हणतात. एवढं सांगायला उर्वशीला अर्धा तास लागला. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली.

दुसरी साधना. गावातली अंगणवाडी तीच चालवायची आणि समितीची सचिवही तीच. तिने नलूला त्याच दिवशी सांगितलं होतं, सरळ ठाण्यात जाऊ. नलू मात्र अडून बसली.

"आधी आपल्या माणसाइले सांगतो, बाई. ते आपल्या संगं येतीन. मी एकटी बाई ठाण्यात काय बोलू?"

आपल्या माणसांनी तो विषय बैठकीच्या कागदावर घेतला. विषय क्रमांक तीन, कंपाऊंडच्या रंगानंतर.

संघदीप पहिल्या रांगेत बसला होता. पांढरा शर्ट, मांडीवर जोडलेले हात. त्याच्या वर्गातून आजवर सात मुलं नवोदयला लागली होती आणि त्यातला एक बाबारावांचा नातू होता. मघाशी संघदीप उठून पुस्तकातल्यासारखं बोलला होता, "माझ्याकडून अनवधानाने काही गैरसमज झाला असेल, तर मी सर्वांसमोर क्षमा मागायला तयार आहे." बऱ्याच जणांना ते फार मोठेपणाचं वाटलं. पोरीला बोलवा, समोरासमोर होऊन जाऊ द्या, असंही दोघं-तिघं म्हणाले. साधनाने ते तिथंच तोडलं. मग ग्रामपंचायतीचा सदस्य विक्की उभा राहिला.

"हे पाहा, माणूस कसा हाय, ते मंग पाहू. पण पेपरात आलं तर नाव कोणाचं जाईन? विहाराचं. गावातले लोक टपूनच बसले हायेत. आपल्या हातानं त्याइले आयतं काहून द्याचं?"

यावर माना डोलल्या होत्या, आणि मग हात वर झाले होते. काही ताठ, काही नुसते कोपरापासून, काही शेजारणीकडे बघून.

"त्रेचाळीस," बाबाराव म्हणाले. "आता विरोधात."

नलूने हात वर केला. तिच्या बाजूला बसलेल्या उज्ज्वलाने, तिच्या सख्ख्या मैत्रिणीने, खालच्या सतरंजीचा धागा ओढायला घेतला. सचिवाला मत नसे, तोही एक जुना ठरावच होता, म्हणून साधनाचे हात वहीवर होते.

"एक," बाबाराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा पडला. "त्रेचाळीस विरुद्ध एक. सर क्षमा मागतीन, प्रकरण विहारातच मिटलं. लिही, साधना."

नलूचा हात वरच होता.

"काका," ती म्हणाली, "तुमचं नाव बाबाराव हाय. त्याच्यासाठी कधी मत घेतलं होतं काय?"

कोणी तरी हसलं.

"आज या त्रेचाळीस जणांनी हात वर केले, का तुमचं नाव गोविंदा हाय, तर तुम्ही गोविंदा व्हान काय? माह्या पोरीसंगं जे झालं ते झालं. तुमच्या हातानं ते न झाल्यासारखं कसं होईन?"

बाबाराव सवयीने साधनाकडे वळले. "तू लिही वं."

साधनाने पेनाचं टोपण काढलं. तिला राग आला होता, इतका की अक्षरं वेडीवाकडी येतील म्हणून तिने मनगट एकदा झटकलं.

"लिहितो ना. पण नुसता आकडा नाही लिहीत. नावं लिहितो. पोक्सो कायदा हाय, काका, आमच्या ट्रेनिंगमंधी दोन डाव शिकवला. लेकराचं असं काही कानावर आलं अन् पोलिसाइले सांगितलं नाही, तं न सांगणाराही गुन्हेगार. उद्या पोलिसाइनं हे वही मांगितली, तं कोणी कोणी मिटवा म्हटलं ते दिसाले पाहिजे. हं, सांगा. पयला विक्की. मंग?"

विक्कीचा हात, कधीचा खाली आलेला, आता खिशात गेला.

"मी तं… मी आपला विचार मांडला," तो म्हणाला.

त्यानंतर कोणी कोणाकडे बघेना. एकाने आपलं मत धरू नका म्हटलं, दुसऱ्याने आपल्याला नीट ऐकूच आलं नव्हतं म्हटलं. नलूला ते बघून बरं वाटलं नाही. घाबरून मागे हटणारी माणसं तिला नको होती. सोबत येणारी हवी होती.

तेवढ्यात उज्ज्वला बोलली. सतरंजीचा तो धागा तिने बोटाला घट्ट गुंडाळला होता.

"मले नलूसंगं धरा. माही पोट्टी दोन महिन्यापासून… रविवार आला का तिचं पोट दुखते. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणे, काहीच नाही." ती नलूकडे वळली. "मी तिले मारून-मुटकून वर्गात पाठवलं ना वं, नलू. दोन डाव मारलं."

नलूने तिला जवळ ओढलं. उज्ज्वला मोठ्याने रडली, आणि तिला गप्प करायला कोणी पुढे झालं नाही. मागच्या रांगेतली तानाबाई, जी चोवीस तास कोणाची तरी खोड काढायची, तीसुद्धा पदर तोंडाला लावून बसली. नंतर एकेक बाई उठून दोघींच्या मागे जाऊन बसू लागली. कोणी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत विहाराचा एक कोपरा भरून गेला आणि पहिल्या रांगेत संघदीप एकटा उरला.

संघदीपने घड्याळात बघितलं. "मला एका ठिकाणी जायचं आहे," तो म्हणाला, आणि चपला हातातच घेऊन निघून गेला.

बाबाराव अजून उभेच होते. नातवाच्या नवोदयच्या निकालाचे पेढे त्यांनी याच सतरंजीवर वाटले होते, आणि पहिला पेढा त्याच माणसाच्या तोंडात भरवला होता. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, परत लावला.

"साधना, तो ठराव खोड."

"मी लिहिलाच नाही, काका."

"मंग आता लिही. तक्रार विहार समितीच्या वतीनं जाईन. अर्जदार अध्यक्ष, सचिव, अन् पोरीची माय. नलूच्या एकटीच्या नावानं नाही."

"मत घ्याचं काय?" सवयीने कोणी तरी विचारलं.

"गप बस," बाबाराव म्हणाले. विहाराच्या आयुष्यात मताशिवाय झालेला तो पहिला ठराव.

एका काळी-पिवळी जीपमध्ये बाया मावेनात म्हणून दुसरी बोलवावी लागली. दारव्ह्याच्या ठाण्यातल्या हवालदाराने दारात एवढी गर्दी बघितली आणि मोर्चा आला समजून आत वर्दी दिली. बाबारावांनी टोपी काढून सांगितलं, मोर्चा नाही, तक्रार आहे. उर्वशीला कोणी ठाण्यात आणलं नव्हतं. दुपारून एक बाई पोलीस अधिकारी साध्या साडीत नलूच्या घरी आली, चुलीजवळ मांडी घालून बसली आणि तिने पोरीचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. उज्ज्वलाच्या घरीही ती गेली. संघदीप दोन दिवसांनी पुसदला एका नातेवाइकाकडे सापडला.

गाव हसलं का? थोडं हसलं. चौकात कोणी तरी विक्कीला टोमणा मारला. विक्की म्हणाला, "आमच्यात झालं अन् आम्हीच पकडून देलं. तुमच्यात काय चालू हाय, ते जरा पाहून घ्या." या उत्तरावर तो आठवडाभर खूश होता, आणि नलूने त्याला तेवढं खूश राहू दिलं.

वर्ग पुन्हा सुरू झाला. आता तो दोन बाया घेत, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, आणि पाळीपाळीने एक आई मागे बसून शेंगा निवडत असे. उर्वशी मात्र विहारात येत नव्हती. नलूने तिला एकदाही चल म्हटलं नाही.

पाचव्या रविवारी नलू निघाली तेव्हा उर्वशी वेणी घालून दारात उभी होती.

दोघी विहारात शिरल्या तशा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. उर्वशीला ते जाणवलं असावं. क्षणभर तिचा पाय अडला, मग ती आईला सोडून सरळ पुढे जाऊन बसली. त्रिशरण-पंचशील आधी संघदीप देत असे, आणि त्याच्यानंतर ते काम बाबारावांकडे आलं होतं. ते पुढचं म्हणत आणि बाकीचे त्यांच्या मागून म्हणत. पण थंडीने त्यांचा घसा पार बसला होता. दोनदा खाकरून त्यांनी वळून विचारलं, "आज कोण देते?"

उर्वशी उठली.

साधना घाईने अर्धी उभी राहिली. "राहू दे वं माय, तुले कोणी बळजबरी…"

"मले येते," उर्वशी म्हणाली.

नलूने साधनाचा पदर ओढून तिला खाली बसवलं. उर्वशीने हात जोडले. पहिले शब्द जरा हळू आले, पण पुढे आवाज मोकळा झाला, आणि प्रत्येक ओळीला ती थांबे, सगळे तिच्या मागून म्हणत, मग ती पुढे जाई. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. ते तिने कुठेही न अडखळता, मान वर करून म्हटलं आणि ती थांबली.

बाबारावांच्या घशातून आवाज निघत नव्हता, तरी त्यांचे ओठ हलले. विक्कीने म्हटलं, तानाबाईने म्हटलं, उज्ज्वलाने आपल्या लेकीचा हात धरून म्हटलं. त्या सकाळी हात वर केलेल्या प्रत्येकाने तिच्या मागून, ती म्हणाली तसंच म्हटलं. सगळ्यांचं म्हणून होईपर्यंत उर्वशी उभी राहिली, आणि मग तिने पाचवं सुरू केलं.