करंट गेल्यावर

“करंट गेला तरी तुमचे पंखे थांबायचे नाहीत, विहीणबाई!” गच्चीवर कमरेवर हात ठेवून हणमंतराव म्हणाले, आणि सत्यवतीबाई कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाकडे पाहू लागल्या.

हणमंतराव म्हणजे सुनेचे, प्रियदर्शिनीचे मामा. सुलतान बाजारात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि अलीकडे त्यांनी सोलरचाही धंदा सुरू केला होता. ते बोलायला लागले की सूर्यसुद्धा त्यांच्याच दुकानातून माल उचलतो की काय असं वाटायचं. दिलसुखनगरातल्या या घरावर पॅनेल बसवायचं ठरलं, तेव्हा मुलाला, युवराजला त्यांच्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. माणूस घरचा, भाव कमी, आणि वर करंट गेल्यावरही वीज. नाही म्हणायला कारण काय?

“कंपनीवाले भारी पॅनेल गळ्यात मारतात, आणि करंट गेला की त्यांचंबी दुकान बंद,” हणमंतराव सांगत होते. “मी जोडणीच अशी करून देतो की बंद पडायचा सवालच नाही. करंट गेला की खालचा मेन स्विच तेवढा पाडायचा. ध्यानात ठेवून.”

“आणि विसरलं तर?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“विसरलं तर थोडी वीज उलटी खांबाकडं जाते. आपल्याला काय होत नाही हो!”

सत्यवतीबाई कठडा धरून जिना उतरल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. खांबाकडे उलट्या गेलेल्या विजेने काय होतं, हे त्या घरात त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांचे यजमान एकनाथराव लाइनमन होते. युवराज रांगत होता तेव्हाची गोष्ट. बेगम बाजारात एका गल्लीचा करंट गेला होता. एकनाथराव सबस्टेशनातून लाइन बंद करून घेऊन खांबावर चढले. माणूस सावध होता, ताकही फुंकून पिणारा. पण त्याच गल्लीत मिरची कांडायची गिरणी होती. गिरणीवाल्याने आपला जनरेटर सुरू केला आणि मेन स्विच पाडायला विसरला. एवढंच झालं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. दहाव्याच्या दिवशी तो माणूस आला, “भाभी, मैं भूल गया,” म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. सत्यवतीबाईंना त्याचा राग यायला हवा होता. त्यांना त्याची भीती वाटली. चार लोकांसारखा साधा, देवभोळा माणूस, आणि एका विसरण्याने तो कुठल्या कुठे जाऊन पडला होता.

पुढे त्यांना यजमानांच्याच ऑफिसात अटेंडरची नोकरी मिळाली. साहेबांचे चहा आणि फायली वाहण्यात आयुष्य निघून गेलं. युवराजला त्यांनी ‘शॉक लागून गेले’ एवढंच सांगितलं होतं. पोराने कुणाचा तरी द्वेष करत मोठं होऊ नये, हा त्यातला हिशेब.

आणि आता विसरण्याची पाळी त्यांची होती. साठी उलटल्यापासून त्या काय काय विसरत नव्हत्या? दूध उतू जायचं, नळ वाहत राहायचा, चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या घरभर. आजवर नातेवाईक हसायचे, त्याही हसायच्या. हणमंतराव येऊन गेल्यापासून मात्र हसू आटलं. गॅस बंद केला का ते पाहायला त्या अर्ध्या रस्त्यातून परत येऊ लागल्या. सून आणि मुलगा ऑफिसात असले की घरात त्या एकट्याच. दुपारी डोळा लागला आणि करंट गेला तर? रस्त्यात एखादा लाइनमन सायकलीला शिडी लावून जाताना दिसला की त्या तोंड फिरवून घ्यायच्या. अजून पॅनेल बसले नव्हते, आणि बाई गुन्हेगारासारख्या वावरायला लागल्या होत्या.

त्या आठवड्यात एका महागड्या कंपनीची मुलगी आली, भाग्यलक्ष्मी. युवराजने तिला बोलावलं होतं ते केवळ मामांचा भाव किती चांगला आहे याची खात्री करायला. पोरगी सरळ होती.

“सर, सच बोलूँ? आपकी छत बड़ी है, सादे पॅनेल से भी चल जाता. हमारे पॅनेल गर्मी में जास्ती बनाते, जास्ती साल चलते. पूरा सेट हमारा ही लेना पड़ता.” मग जरा चाचरत ती म्हणाली, “और एक बात पहले ही बोल देती. करंट गया तो हमारा सिस्टम बंद हो जाता. बाद में लोगां झगड़ा करते.”

“बघ आई!” युवराज हसला. “जास्तीचे पैसे देऊन वर अंधारात बसा म्हणं.”

सत्यवतीबाई पुढे झाल्या. “आपोआप बंद होता?”

“हौ अम्मा, आपोआप.”

“स्विच पाडना नहीं पड़ता? मैं सो गई तो? भूल गई तो?”

“आपको कुछ याद रखनेकाच नहीं अम्मा,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती अजून माफी मागितल्याच्याच सुरात बोलत होती.

“हेच बसवा,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

पोरगी गेल्यावर युवराज भडकला. “येडी झालीस का आई? मामाला काय सांगू? प्रियदर्शिनीला काय सांगू? लोक बंद पडू नये म्हणून पैसे देतात, तू बंद पडावं म्हणून द्यायलीस!”

मग त्यांनी सांगितलं. गिरणी, जनरेटर, तो माणूस, सगळं. “तुझा बाप गेला ते मी सोसलं रे. पण माझ्या घरातून कुणाचा माणूस गेला तर ते मला सोसायचं नाही. मला लई भ्या वाटायलंय, युवराज.”

युवराजने भाग्यलक्ष्मीला फोन लावला.

मामा रुसले. रुसून गप्प बसणारे ते नव्हेतच, त्यांनी समोरच्या सुशीलाबाईंना गाठलं आणि त्यांच्या गच्चीवर आपले पॅनेल बसवून टाकले. सुशीलाबाई कमी किमतीवर खूश होत्या. “आमचा टीव्ही बंद पडत नाही बगा,” असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या. सत्यवतीबाईंनी त्यांना मेन स्विचचं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. “हौ हौ, ध्यानात हाय,” त्या म्हणायच्या.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी करंट गेला. सत्यवतीबाईंच्या घरातला पंखा गरगरत थांबला. त्या दिवशी घरून काम करणारी प्रियदर्शिनी आतून करवादली, “एवढं ऊन पडलंय, आणि आपण घामात!” सत्यवतीबाईंनी भिंतीवरच्या सोलरच्या यंत्राचा दिवा विझलेला पाहिला. त्यांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच त्यांना समोरच्या घरातून मालिकेतल्या बायांचे आवाज ऐकू आले.

त्या ओट्यावर आल्या. कोपऱ्यावरच्या खांबावर एक लाइनमन अर्ध्यावर पोचला होता. तरुण होता, पाठ घामाने भिजलेली.

“ठैरो!” त्या ओरडल्या. “बेटा, ठैरो! तार को हात नक्को लगाव!” त्याने वळून पाहिलं, पण खालून जाणाऱ्या ऑटोच्या भोंग्यात त्याला काय कळलं कुणास ठाऊक. सत्यवतीबाई अनवाणीच तापल्या रस्त्यावरून धावल्या. सुशीलाबाईंचं फाटक ढकलून त्या ओट्यावर चढल्या. मीटरशेजारचा मेन स्विच वरच होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

खांबाकडची वाट तुटली, पॅनेलवर आत मालिका चालूच होती. आवाजाने सुशीलाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी जीभ चावली. “अय्यो! ऱ्हायलंच की! डोळा लागला होता जरा.”

सत्यवतीबाईंचे तळपाय भाजत होते. खांबावरच्या पोराने खिशातून पक्कड काढली, हात वर नेला. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो तार हातात धरून पिळत होता आणि खालच्या सोबत्याला काहीतरी सांगत होता.

“पडलाय की स्विच. सोडा आता वैनी, आत या, पाणी प्या,” सुशीलाबाई म्हणाल्या.

सत्यवतीबाईंनी मान हलवली. पाडलेल्या स्विचवर त्यांनी तळवा दाबून धरला होता. लाइनमनने दुसरी तार घेतली, मग कमरेचा दोर सैल केला, एकेक पाय टाकत खाली आला, जमिनीवर उभा राहिला आणि त्याने शर्टाने तोंड पुसलं. मग सत्यवतीबाईंनी हात काढला.