मातेच्या पाया पडायला नेलेली सून

हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री ओढत होतो, तेवढ्यात गणेशचा वाशीमहून फोन आला. "बाबा, मायले घेऊन या लवकर. वर्षाले ऑक्सिजन लावला." वर्षाराणी म्हणजे आमची सून, सातव्या महिन्याची पोटुशी. अंगभर पाण्याचे फोड, ताप, आणि आता धाप. ताडपत्री तिथंच टाकून मी घरी पळालो.

मेडशीच्या अलीकडच्या आमच्या गावात कुणाला कांजण्या निघाल्या की पहिला निरोप माझ्या बायकोला, सोजरला येतो. ती येऊन सांगणार, माता आली. मग दाराला लिंबाचा डहाळा, भाजीची फोडणी बंद, औषध बंद. आणि गल्लीतल्या पोटुशा बायांनी त्या आजारी लेकराच्या पाया पडायचं, म्हणजे बाळंतपण सुखाचं होतं. हा सगळा मान सोजरचा. तिच्या मानावर मीही गावात मिरवायचो, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या ललिताबाईच्या लेकीला, रंजीताला कांजण्या निघाल्या. वर्षा जायला तयार नव्हती. "आत्याबाई, म्या मोबाईलात पाह्यलं. हे एकाचं दुसऱ्याले लागते."

"तुह्या मोबाईलले कवा निघाली होती माता?" सोजर फणकारली.

मी खो खो हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. सून मुकाट्यानं पाया पडून आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात, शेजारी कुणाला कांजण्या होत्या का?"

नाकात नळी असलेल्या वर्षानं मान हलवली. "नाई. आठोत नाई."

श्वास पुरत नव्हता, तरी पोरगी सासूची अब्रू झाकत होती. सोजरनं पदर तोंडाला लावला. मी फरशीकडं पाहत राहिलो. खरं बोलायची छाती आम्हा दोघांतही नव्हती.

"विचारते ते यासाठी," बाई म्हणाल्या, "फोड यायच्या दोन दिवस आधीपासून खपल्या धरेपर्यंत हा रोग श्वासातून, फोडातल्या पाण्यातून पसरतो. ज्या गरोदर बाईला आधी कांजण्या झालेल्या नाहीत, ती अशा माणसाजवळ जाऊन आली, तर दहा दिवसांच्या आत इंजेक्शन देता येतं. हिचे ते दिवस निघून गेले. आता औषधावरच सगळं."

सोजरचं तोंड पांढरं पडलं. परवाच तिनं चतुराबाईच्या कांजण्या निघालेल्या नातीच्या पाया पडायला गोमतीबाईची सून नेली होती. मंजुषा, चौथा महिना.

"बाई, हिले म्याच नेलं," सोजर उठून म्हणाली. "ही नाईच म्हणे. म्या बळजबरीनं नेलं. अन् परवा आणखीन एकीले नेलं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हरांड्यात येऊन मी गोमतीबाईला फोन लावला. मंजुषाला इंजेक्शनसाठी घेऊन ये म्हटलं, तर ती ऐकेचना. "जगदेवभाऊ, सुई टोचली त माता कोपते. तुमच्याच घरच्या बाईनं सांगतलं. सोजरबाई म्हणन तवाच नेऊ."

सोजरनं फोन हातातून घेतला. "गोमते, थे माता नाई व, बिमारी होय. म्या चुकीचं सांगतलं. माह्या सुनेचं काई खरं नाई इथं. तू मंजुषाले आत्ताच्या आत्ता आण."

मग गोमतीबाई म्हणाली, "मंग एवढे वर्सं काय सांगून राह्यली होती तू आमाले?"

"चुकलंच माह्यं. तू आधी पोरीले आण," सोजर म्हणाली.

संध्याकाळच्या एसटीनं मंजुषा आली, तोंडाला रुमाल बांधून. तिचं रक्त तपासलं. आधी कांजण्या झालेल्या नव्हत्या, म्हणून इंजेक्शन दिलं. चार आठवडे ताप-फोडांवर नजर ठेवा, लोकांत मिसळू नका, असं बजावलं. वर्षाची धाप थोडी उतरली होती. पोटातल्या बाळाचे ठोके नीट होते, पण बाई म्हणाल्या, चार दिवस काही सांगता येणार नाही.

निघताना मंजुषा रीतीप्रमाणं सोजरच्या पाया पडायला वाकली. सोजरनं झटकन पाय बाकाखाली ओढून घेतले.

"नको व माय," ती म्हणाली. "माह्या पाया नको पडू."