आई उठल्याची टिंग

बेकरीचं शटर अर्धं वर गेलं की आजी दारात उभ्या असत. ते पूर्ण वर जाईपर्यंत थांबायचा त्यांना धीर नव्हता आणि वाकून आत शिरण्याजोगी कंबर आता राहिली नव्हती. बेकरीवाली आतूनच म्हणायची, "आले आजी, बन कुठे पळून जात नाहीत." मग एक गोड बन कागदात गुंडाळला जाई आणि आजी बटव्यातून कार्ड काढत.

एका बनासाठी कार्ड! रांगेतले लोक गालातल्या गालात हसत. बेकरीवालीलाही सुरुवातीला राग यायचा, कारण मशीनवरच्या प्रत्येक व्यवहारामागे बँक तिच्याकडून थोडं कापून घेई, आणि एका बनात मुळात उरतं किती? एकदा ती बोललीच, की आजी, सुटे देत जा की. तेव्हा आजींनी पुढे झुकून तिला सांगितलं, "अगं, मी कार्ड लावलं की तिकडे माझ्या मुलाच्या फोनवर टिंग वाजते. त्याला कळतं, आई उठली."

त्यानंतर बेकरीवालीने तक्रार केली नाही. शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्यालाही तिनेच हे सांगितलं. आजी त्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. दोघांनाही मुलाचं कौतुक वाटलं. दूर राहतो, पण लक्ष ठेवून आहे, असं ते धरून चालले.

मुलगा विमा कंपनीत होता. आलेला दावा खरा की खोटा हे तपासायचं त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काचेआडून घड्याळं उघडत ते, पण गिऱ्हाइकाशी बोलणं, सुटे भाग मागवणं, उधारी गोड बोलून वसूल करणं, हे सगळं आजींचं. कागदावर मात्र त्यांचं नाव कुठेच नव्हतं. वडील गेल्यावर दुकान विकलं तेव्हा पैसे मुलाच्या खात्यात गेले. "तुझ्या नावावर कशाला गं आई? सह्या, बँकेत खेटे, नसती कटकट. त्यापेक्षा मी तुला कार्डच देतो," असं तो म्हणाला. नातेवाइकांनी आजींना नशीबवान ठरवलं. आजींनीही मान डोलावली, कारण मान डोलावण्याची त्यांना सवय होती.

पूर्वी नवरा गेलेल्या बाईला घराच्या कोपऱ्यात बसवत. आता आपण सुधारलो. आता तिला कार्ड देतो आणि ती आपोआप कोपऱ्यात बसते.

मुलाच्या मुख्य कार्डाला अशी तीन जोडकार्डं होती. फोनमधल्या ॲपमध्ये एकाखाली एक तीन ओळी: बायको, मुलगी, आई. प्रत्येकीपुढे महिन्याच्या खर्चाची मर्यादा आणि दोन बटणं. एक कार्ड चालू-बंद करायचं, दुसरं त्या कार्डावरच्या खर्चाचा मेसेज यावा की नको ते ठरवायचं. सुट्टीच्या दिवशी चहा पिता पिता तो हे सगळं नीट लावून ठेवी. घर सांभाळणं म्हणजे हेच, असं त्याला मनापासून वाटे. तो वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट माणसांच्या गोष्टी वाचून आपण सगळे अलगद सुटतो.

कार्ड मिळालं तेव्हा आजींनी ते कपाटात ठेवून दिलं होतं. मुलाचा फोन येणं कमी होत होत बंद झालं होतं आणि आपण होऊन करावा तर तो कायम घाईत असे. एकदा अंगात कणकण होती म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानात कार्ड दिलं. घरी येऊन बसतात न बसतात तोच फोन वाजला. "आई, औषधाच्या दुकानात कशाला गेली होतीस? बरं नाही का?" किती दिवसांनी तो आवाज! त्यांनी बरं नसल्याचं थोडं वाढवूनच सांगितलं.

आजी काही कमी हुशार नव्हत्या. कुठली कळ दाबली की काय चालतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी बन घेतला. मुलाने हसून फोन केला, "बन खातेयस का गं?" नंतर नुसता अंगठा पाठवू लागला. मग तोही थांबला. पण टिंग तर वाजतच असणार, असा आजींनी विचार केला, आणि त्यांना तेवढं पुरलं.

टिंग वाजत नव्हती. एका बैठकीत साहेब बोलत असताना आईचा बन वाजला आणि समोरचे दोघं हसले. मुलाने टेबलाखालीच ॲप उघडलं आणि तिसऱ्या ओळीतलं मेसेजचं बटण बंद केलं. संध्याकाळी त्याने ही गंमत म्हणून बायकोला सांगितली. सून म्हणाली, "आईंना सांग तरी तसं." तो म्हणाला, त्यात काय सांगायचंय, कार्ड चालू आहे ना. तीही पुढे काही बोलली नाही. तिच्याही ओळीपुढे तीच दोन बटणं होती.

मग एका सकाळी आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरल्या. पाय कुठेतरी आतून मोडला. फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता.

खाली सायकलवाल्याची हातोडी चालू होती. हाताशी पितळी तांब्या पडला होता. तो फरशीवर आपटला असता तर सायकलवाला धावत वर आला असता. आजींनी तांब्या हातात घेतला आणि परत ठेवला. पोटचा मुलगा असताना परक्याला हाक मारायची म्हणजे त्याला कमीपणा. आणि हाक मारायची गरजच काय? आज बन घेतला नाही. टिंग वाजली नाही, हे त्याला कळलंच असेल. आता निघालाही असेल.

त्या वाट पाहत राहिल्या. दुखणं आधी फार होतं, मग बधिर झालं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं. घसा सुकला तशी हाकही राहिली नाही.

खाली बेकरीवालीने बन बाजूला काढून ठेवला होता. सायकलवाल्याला तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मुलाकडे गेल्या असतील. काही झालं असतं तर त्याला आधी कळलं असतं, आपल्यापेक्षा त्याला जास्त माहीत. तिलाही ते पटलं. एरवी ती दोघं दिवसात दहा वेळा वर डोकावणारी माणसं. पण ज्याचं त्याने लक्ष ठेवलंय म्हटल्यावर आपण कशाला नाक खुपसायचं?

दुसऱ्या दिवशीही बन उरला तेव्हा तिला चैन पडेना. सायकलवाल्याच्या भिंतीवर मुलाचा नंबर लिहिलेला होता. तिने फोन लावला.

"आजी तुमच्याकडे आहेत ना?"

"नाही. तिथेच असेल की."

"बनाला आल्या नाहीत. तुम्हाला टिंग आली का कालपासून?"

"टिंग? कसली टिंग?"

बेकरीवालीने फोन तसाच सायकलवाल्याच्या हातात दिला आणि जिना चढू लागली.

दार तोडावं लागलं. आजी शुद्धीवर होत्या. ओठ हलत होते, पण काय म्हणत होत्या ते कान लावल्यावर कळलं: त्याला कळलं असेलच.

इस्पितळात मुलगा आणि सून पोचले तेव्हा आजींच्या पायाला वजन लावून झालं होतं. त्यांनी मुलाचा हात धरला. "आलास. मला ठाऊक होतं," म्हणाल्या. गाडीत सबंध रस्ताभर तो फोनकडे बघत होता आणि ते बटण त्याने आता चालू केलं होतं.

चार माणसांत आजींना बोलायला जोर आला. शेजारच्या खाटेवर एक शिलाईकाम करणारी बाई होती, तीही विधवा, तिचाही मुलगा दूरच्या गावी. आजी तिला रोज तेच सांगत. टिंग वाजली नाही म्हटल्यावर माझा मुलगा हातातलं काम टाकून धावत आला. मुलगा स्टुलावर बसून ऐके. त्याला ओरडावंसं किंवा रडावंसं वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

सुनेने व्हरांड्यात त्याला म्हटलं, खरं सांगून टाक. तो म्हणाला, आता सांगून तिला काय मिळणार, उलट दुखवायचंच. त्याचं ते अगदीच चूक नव्हतं, म्हणून सून पुन्हा गप्प बसली.

एका दुपारी शिलाईवाल्या बाईने आपल्या मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "अरे, मलाही तसलं एक कार्ड करून दे. यांचा मुलगा आहे इथे, तो तुला नीट सांगेल." आणि तिने फोन पुढे केला.

मुलाने तो घेतला. तोंड उघडलं. तोंडात शब्द आले ते ॲपचेच होते, की आधी यादीत नवीन नाव घालायचं, मग मर्यादा ठरवायची.

तेवढ्यात सून बोलली. आवाज न चढवता बोलली. "आई, मेसेज येत नव्हता. त्याने केव्हाच बंद केला होता. मला माहीत होतं. त्या दिवशी बेकरीवाल्या ताईंनी फोन केला म्हणून आम्ही आलो."

आजींचा चेहरा हलला नाही. त्या छताकडे बघत राहिल्या. बन घेतलेल्या सकाळी एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील, किंवा गेल्याही नसतील. मग त्यांनी उशीखालचा बटवा काढला, कार्ड काढलं आणि चादरीवर मुलाच्या बाजूला ठेवलं.

"दुकानाचे पैसे माझ्या नावावर कर," त्या म्हणाल्या. "खेटे घालायला मी आहे. पाय बरा झाला की घालीन."

"आई, मी पुन्हा चालू केलंय ते..."

"तू यायचं तेव्हा ये. तुला बोलवायला मी आता काही विकत घेणार नाही."

मुलाच्या हातातला फोन अजून चालूच होता. त्यातून आवाज येत होता, "आई? ऐकू येतंय का? कसलं कार्ड म्हणालीस?"

शिलाईवाल्या बाईने हात लांब करून आपला फोन परत घेतला.

"काही नाही रे," ती म्हणाली. "तू कधी येतोस तेवढं सांग."