झारीला नाही म्हणता येत नाही

मी झारी बोलतेय. इकडे, खाली बघा. झाडाकडे नको. जपानमधल्या या किनाशी गावात येणारा जो तो झाडाकडेच बघतो. शंभर वर्षांचा काळा पाइन, वा, काय खोड, काय वळण! अहो, पण त्याला रोज पाणी कोणी घातलं? जाऊ दे. या विषयावर बोलायला लागले की माझा तोल जातो, आणि झारीचा तोल गेला की पाय कोणाचे भिजतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला ओसाकाच्या एका तांबटाने घडवलं. तांब्याचं पोट, लांब मान, आणि तोंडाला इतक्या बारीक भोकांची जाळी की पाणी पडतं पण मातीचा कण जागचा हलत नाही. तो माणूस फार बोलायचा नाही. मला गिऱ्हाइकाच्या हातात देताना एवढंच म्हणाला, "हिला घाई चालत नाही."

गिऱ्हाईक म्हणजे म्हातारे तोकुनो. त्यांची नर्सरी फक्त काळ्या पाइनच्या बोन्सायची. दुसरं झाड औषधालाही नाही. त्यांची सून किनुए लग्न होऊन आली तेव्हा तिला कात्रीला हात लावायची बंदी होती. तीन वर्षं फक्त पाणी घालायचं, हा घरचा रिवाज. पहिल्या उन्हाळ्यात ती इतकी वैतागली की मला विहिरीच्या कठड्यावर आपटलं. पोटावरचा हा पोचा तेव्हाचा आहे. तिसऱ्या वर्षी मात्र ती कुंडी नुसती उचलून सांगायची, याला आज नको, त्याला अर्धं. सासरे मान डोलवायचे, आणि मीसुद्धा मनातल्या मनात.

पुढे सासरे गेले, बारा वर्षांपूर्वी तिचा नवराही गेला. मुलगा शिन्या ओसाकात नोकरीला लागला. शेजारच्या दोन नर्सऱ्या बंद पडून तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या. किनुए एकटी तीनशे कुंड्या सांभाळत राहिली. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेला पाइन तिने शेडच्या सावलीत ठेवला होता. तो विकायचा नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

लोक यायचे, नाही असं नाही. यायचे, फोटो काढायचे, झाडाचं वय विचारायचे, फुकटचा सल्ला घ्यायचे, किनुएच्या हातचा चहा प्यायचे आणि "पुन्हा येऊ हं" म्हणून जायचे. फोटोत मी आलेच तर मला पायाने बाजूला सरकवायचे. असा संताप यायचा म्हणून सांगू!

आणि मग आला हा मानाबे.

चाळीस वर्षं फेरीबोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला माणूस. दर गुरुवारी सायकलवरून यायचा. इतरांसारखा नुसता चहा पिऊन जाणारा नव्हता, एवढं मी कबूल करते. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, दोन तास तुमचं डोकं खाल्लं. आता रिकाम्या हाताने कसा जाऊ?" आणि एक छोटा पाइन घेऊन गेला.

तीन महिन्यांनी तोच पाइन वर्तमानपत्रात गुंडाळून परत आला. सुया पिवळ्या, मुळं कुजलेली. मानाबे खाली मान घालून उभा.

"बाई, हा गेला."

किनुएने मुळांचा वास घेतला. "मानाबे-सान, तुम्ही याला बुडवलंत."

"मी? अहो, मी तर दिवसातून चार वेळा पाणी घालत होतो!"

असे तीन पाइन वर्तमानपत्रातून परत आले. तिसऱ्या वेळी त्याची नजर माझ्यावर पडली आणि माझं नशीब फिरलं. त्याला वाटलं, किनुएची झाडं जगतात त्याचं गुपित या झारीत आहे. महिनाभर तिच्या मागे लागला. तोवर नर्सरीत रबरी पाइप आला होता, मी बहुतेक वेळ खुंटीलाच असायचे. शेवटी किनुए कंटाळून म्हणाली, "न्या एकदाची. पण झारी काही शिकवत नाही हो कोणाला."

त्या घरात मी चार झाडं मारली.

मीच मारली, दुसरं काय म्हणू? माझ्याच तोंडून पाणी पडत होतं. मानाबे सकाळी घालायचा, जेवून घालायचा, टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की घालायचा. "इंजिनाला पाणी कमी पडलं की काय होतं ते मला विचार," असं बायकोला बजावायचा. त्याची बायको फुसाए स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, ते झाड आहे, बोट नाही!" पण ऐकतो कोण? तोटीत काडी अडकावी, जाळी बुजावी, एखादा कोळी तरी आत शिरून बसावा, म्हणून मी किती वाट पाहिली. काही अडकलं नाही. त्या तांबटाने कामच इतकं चोख केलं होतं. झारीला हात वाकवेल तसं वाकावं लागतं. तिला नाही म्हणता येत नाही.

सातवा पाइन परत आला त्या दिवशी किनुएने हात जोडले. "मानाबे-सान, राग मानू नका. यापुढे मी तुम्हाला झाड विकणार नाही."

दुसरा कोणी असता तर परत तोंड दाखवलं नसतं. हा पुढच्या गुरुवारी हजर! झाड मिळत नाही तर कात्री द्या. कात्री झाली, आता फांद्या वळवायची तार द्या. मग कुंडी, मग खत. सहा वर्षांत त्याच्याकडे अकरा कात्र्या आणि बारा रिकाम्या कुंड्या जमल्या, झाड एकही नाही. फुसाए कुंड्यांमध्ये लोणचं घालू लागली, आणि मला कांद्याच्या पातीवर पाणी शिंपडायला घेतलं. ओसाकाच्या तांबटाची झारी, आणि कांद्याची पात! उदोनच्या जाड शेवयांवर घालायला ती चांगली लागते म्हणे. लागू दे.

मग तो जुलै आला. पाऊस दडी मारून बसला, तळी आटली, गावात पाइप लावायची मनाई झाली. विहिरीचं पाणी तेवढं उरलं. त्यातच पायरीवरून घसरून किनुएचं उजवं मनगट मोडलं.

पाइप बंद म्हणजे झारी लागेल, म्हणून गुरुवारी मानाबे मला घेऊन आला तेव्हा ती प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून फोनवर बोलत होती. पलीकडून शिन्याचा आवाज इतका मोठा होता, की मानाबेच्या हातातल्या मलासुद्धा ऐकू आला.

"आई, एक ठोक व्यापारी बघून ठेवलाय. सगळी झाडं देऊन टाक. हात मोडलाय तुझा!"

"हात मोडलाय. झाडं नाही मोडली."

"ओबोनला पितरांच्या पूजेला येतोच आहे. झाडं धड दिसली तर मी चकार शब्द काढणार नाही. पिवळी पडलेली दिसली तर त्याच दिवशी ट्रक बोलावतो."

फोन ठेवून तिने समोर बघितलं, तर मानाबे उभा. सात झाडांचा मारेकरी, हातात झारी घेऊन. देवाला दुसरं कोणी सापडलं नव्हतं. मी तर मनातून तीनशे झाडांना निरोपच दिला.

"बाई, मी रोज येतो," तो म्हणाला.

किनुए म्हणाली, "माझ्या शब्दाबाहेर एक थेंब पडला तर झारी हिसकावून घेईन."

ती खुर्ची टाकून बसायची आणि ओरडायची. "थांबा! पुरे म्हटलं ना? आधी बोट घाला मातीत. अहो, वरवर काय गुदगुल्या करताय, आत घाला! आता कुंडी उचला. जड आहे ना? मग पुढे चला." मानाबे घामाने निथळत विहिरीपासून फेऱ्या मारायचा. पहिल्या आठवड्यात त्याने माझा दांडा दोनदा वाकवला. रोज पाणी घालून झालं की "अजून एक फेरी मारू का?" विचारायचा आणि रोज शिव्या खायचा. माझ्या तांब्याचा रंग उडाला त्या उन्हात, पण झाडं हिरवी राहिली. कशी राहिली ते मला विचारू नका.

ओबोनच्या आदल्या दिवशी प्लास्टर काढायला किनुए दवाखान्यात गेली. मानाबे एकटा. वारा पडलेला, रातकिडे दुपारीच किरकिर करत होते. त्याने एकेक कुंडी बोट घालून, उचलून बघितली, पाणी दिलं, आणि शेवटी शेडच्या सावलीतल्या त्या पाइनपाशी आला.

माती वरून कोरडी ठणठणीत होती. सुयाही जरा फिक्या वाटत होत्या. मानाबेने मला उचललं. माझ्या पोटात पाणी गच्च भरलं होतं. माझी मान वाकत होती, पहिला थेंब जाळीपाशी आला होता. मला ओरडावंसं वाटलं. त्या झाडाची माती जुनी आहे रे, वरून कोरडी दिसते, खाली ओल साचते! पण झारीचं कोण ऐकतो?

त्याने मला खाली ठेवलं. मातीत बोट घातलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत. मग दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. परत ठेवली. मला उचललं. पुन्हा खाली ठेवलं. शेवटी शेडकडे पाठ करून उकिडवा बसला आणि गुडघ्यांमध्ये हात दाबून धरले. संध्याकाळपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याला जपावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

किनुए परत आली ती थेट शेडमध्ये. डाव्या हाताचं बोट मातीत घातलं.

"याला पाणी घातलंत?"

"नाही," मानाबे म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला.

ती आत गेली आणि नवऱ्याच्या कपात त्याला चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी शिन्या आला. सगळ्या रांगा फिरला, शेडमध्ये पाच मिनिटं उभा राहिला, फोटो काढायला मला पायाने बाजूला सरकवलं, आणि ट्रकचं नाव काढलं नाही.

निघताना मानाबेने सवयीप्रमाणे विचारलं, "रिकाम्या हाताने कसा जाऊ?" किनुएने सहा वर्षांनी एक छोटा पाइन त्याच्या हातात ठेवला. तो घाबरलाच. म्हणाला, "झाड नेतो. पण झारी इथेच राहू दे बाई. घरी असली की हात शिवशिवतात."

तेव्हापासून मी परत माझ्या खुंटीवर आहे. अंगभर पोचे, वाकडा दांडा. गुरुवारी मानाबे येतो, किनुएचं मनगट दुखत असलं तर मला हातात घेतो, आणि शिव्या खातो.

दोन वर्षं गेली. या मार्चमधल्या एका गुरुवारी तो आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी होती. माझं तांबं गार पडलं. किनुएच्या हातातली कात्री थांबली. अरे मेल्या, पुन्हा? इतकं सगळं झाल्यावर पुन्हा?

त्याने सावकाश कागद सोडला. आत हिरवागार पाइन, आणि कुंडीच्या कडेवरून मुळं बाहेर डोकावत होती.

"बाई, याला कुंडी लहान पडायला लागली."

किनुए मुळांकडे बघत राहिली. डोळे पुसले आणि खेकसली, "घरी बारा कुंड्या आहेत ना तुमच्या?"

"त्यात लोणचं आहे. आणि रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

तर मंडळी, तुम्हीही या. फोटो काढा, चहा प्या, माझी ना नाही. पण जाताना काहीतरी घेऊन जा, आणि घरी गेल्यावर झारी उचलण्याआधी मातीत बोट घाला. मला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.