तंबूचं कापड माझ्याकडे होतं

मित्रांनो, सायकलच्या कॅरिअरला डाव्या अंगाने लटकणारी मी एक जुनी पिशवी आहे. ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला उरलेल्या तुकड्यांतून शिवलं. रंग दोन, पण टाके दुहेरी.

दोघी बहिणी दर वर्षी आठवडाभर सायकलवर फिरायला जात. स्टोव्हपासून तंबूपर्यंत सगळं बरोबर नेत. सामान भरण्याचं काम थोरलीचं, म्हणजे माझ्या मालकिणीचं. ती गणिताची शिक्षिका. आम्हा पिशव्यांना ताणकाट्याला टांगून ती डावी-उजवीचं वजन सारखं करायची. जड वस्तू तळाशी, रेनकोट सगळ्यांत वर. धाकटीने जाडजूड कादंबरी पुढे केली की "नाकापेक्षा मोती जड" म्हणत ती बाजूला ठेवायची. धाकटी ती गुपचूप आपल्या पिशवीत कोंबायचीच. मला तिचं कौतुक वाटायचं.

त्यांचा एक नियम होता. तंबूचं कापड थोरलीकडे, माझ्या पोटात, आणि काठ्या धाकटीकडे. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, अशी दोघींची गत. वाटेत कितीही बिनसलं, तरी संध्याकाळी एका जागी यावंच लागे. तंबू उभा राहीपर्यंत भांडण मिटलेलं असायचं.

मग त्यांची आई गेली. आजारपणाची दोन वर्षं थोरलीने एकटीने काढली होती. धाकटी दूरच्या शहरात नोकरीला होती. त्या वर्षीच्या फेरीत एका चढावर पावसाने गाठलं. दोघी दम खात थांबल्या आणि थोरली बोलून गेली, "तुला काय, तू फक्त रडायला आलीस."

धाकटी तडक सायकलवर बसली आणि पुढे निघून गेली. संध्याकाळी थोरली ठरल्या जागी पोहोचली, तर तिथे कुणी नव्हतं. धाकटी बस पकडून परत गेली होती. भिजलेलं कापड अंगाभोवती गुंडाळून थोरली एका शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिली. सकाळी तिने ते तसंच ओलं माझ्यात कोंबलं आणि घरी पोहोचताच मला माळ्यावर टाकलं.

बारा वर्षं मी तिथे होते. कापड माझ्या पोटात कुजत होतं. मला कळत होतं, पण पिशवीचं ऐकतं कोण? खाली थोरली फोनची वाट पाहायची. स्वतः मात्र करायची नाही.

परवा फोन आला. धाकटी म्हणाली, "ताई, काठ्या आहेत अजून माझ्याकडे. या वर्षी जाऊ या. पुढच्या वर्षी मला जमेल, असं डॉक्टरांना वाटत नाही."

थोरली फोन कानाशी धरूनच स्टुलावर चढली. मला खाली ओढून तिने बंद सोडले. काळ्या डागांनी भरलेलं कापड उलगडताना घडीघडीवर फाटत गेलं.

"कापड आहे ना, ताई?"

"आहे. अगदी चांगलं आहे," ती म्हणाली. "तू ये."

फोन ठेवून ती खूप रडली. मग सुईदोरा घेऊन बसली. एक टाका घातला की कापड शेजारी फाटे. मला फार वाईट वाटलं आणि लाजही वाटली, कारण ते माझ्याच पोटात नासलं होतं.

मित्रांनो, एवढं माझं ऐका. कितीही रागात असलात, तरी ओलं कापड घडी करून ठेवू नका. आमचं वाळायला एक दुपार पुरली असती.