शिक्षावीर आला

शिक्षण अभियान तुमचं, नाव तुम्ही ठेवलंत. मराठी मुलांसाठी पुस्तक काढायचं, तर त्याचं नाव एकदा तरी मराठी माणसासमोर उच्चारून बघावं, एवढीही तसदी तुम्ही घेतली नाहीत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे आम्हालाही कळतं. पण तलासरीतल्या तिसरीच्या पोराला शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं, नाहीतर पाठीत धपाटा. त्या पोराच्या हातात तुम्ही रंगीत चित्रकथा दिलीत. वर छापलंत ‘शिक्षावीर’ आणि खाली त्याची गर्जना: ‘एकही मूल शिक्षेशिवाय राहणार नाही!’

पोरं पळणार नाहीत तर काय करतील?

उधव्याच्या बाजूच्या एका शाळेत दर्शन जीपमधून उडी मारून उतरला, तेव्हा अर्धी शाळा मागच्या दाराने शेताकडे निघाली होती. अंगात छातीवर नाव छापलेला जांभळा पोशाख, पाठीवर पिवळं फडकं, तोंडावर रबरी मुखवटा, त्यावर रंगवलेला गॉगल आणि हातात माणसाएवढी लाकडी पेन्सिल. पुस्तकातल्यासारखे पाय फाकवून तो अंगणात उभा राहिला आणि गरजला, “मी आलोय! घरोघरी शिक्षा पोचवायला!”

अंगणात एक कुत्रं उरलं होतं. तेही उठून गेलं.

जीपचा ड्रायव्हर चिमण, आशागडचा, स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

“काय झालं रे यांना?” दर्शनने मुखवट्यातून विचारलं.

“अरे दर्शनभाई, दंडा घेऊन बोलतो शिक्षा देईन. मग पोरं काय आरती ओवाळणार तुझी?”

“दंडा नाही. पेन्सिल आहे ती.”

“पाठीत बसल्यावर कोण विचारतो, शिसं आत हाय का नाय?”

दर्शनला हसू आलं नाही. या कामावर त्याने जीव टाकला होता. डहाणूला स्टेशनच्या पूर्वेला राहणारा, रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर जन्म काढलेल्या काशीनाथरावांचा हा मुलगा. बापाचं म्हणणं, रेल्वेची परीक्षा दे. मुलाचं म्हणणं, लोकांनी वळून बघावं असं काहीतरी व्हायचंय. कॉलेज अर्धवट सोडून तो मुंबईला ऑडिशनच्या रांगांत उभा राहून आला होता. तिथे त्याला कुणी नाव विचारलं नाही, पुढे सरका एवढंच म्हणाले.

आणि मग हे पुस्तक हातात पडलं. पुस्तकातला शिक्षावीर भलताच बंडखोर. घरातून पळालेला, गुरूला उलट उत्तरं देणारा. दुष्टाला लोळवायच्या आधी केस नीट करणारा. शेवटच्या पानावर तो स्टेजवर उभा, समोर कॅमेरेच कॅमेरे. दर्शनला वाटलं, चित्रकाराने मला बघूनच काढलाय हा.

शिक्षावीर बनून शाळाशाळांत फिरायचं काम त्याने घेतलं. अट एकच होती. मुखवटा काढायचा नाही आणि आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. हिरो एकच असतो म्हणे. घरी त्याने सांगितलं, सरकारी प्रोजेक्टवर फील्डवर्क आहे. काशीनाथराव बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी नीट बोलले.

पहिल्या आठवड्यातच तो तुमच्या इथल्या साहेबांकडे गेला होता. हो, गेला होता. नंतर कुणी सांगितलंच नाही, असं म्हणू नका.

“साहेब, काना काढून एक अक्षर घालायचं फक्त. ण. शिक्षणवीर. पोरं घाबरतायत.”

साहेब समजूतदारपणे हसले. “नाव वरून आलंय, दर्शन. वरचं आपण खाली बदलायला लागलो, तर वरचे आपल्याला बदलतील.”

“पण मराठीत त्याचा अर्थ...”

“तुला नाव कमवायचंय की नाव बदलायचंय? थंडीत जिल्ह्याचा मेळावा आहे. टीव्हीवरची माणसं येणार. तिथे स्टेजवर मुखवटा काढायची परवानगी मी देतो तुला. सगळ्यांसमोर. बोल.”

दर्शनने मान डोलावली. ही त्याची चूक, ती झाकायची नाही. पण भुकेल्यासमोर ताट कोणी धरलं, तेही विसरायचं नाही.

भातकापणीच्या दिवसांत उधव्याच्या त्या शाळेत दुसरी फेरी झाली. या वेळी भाविकाबाईंनी मुलांना आधीच वर्गात बसवून दार लावून घेतलं होतं. बाई तशा वाईट नव्हत्या. पण वर्ग गप्प करायला त्यांना आता छान युक्ती सापडली होती: “बसता का शिक्षावीरला फोन लावू?”

“हिला सांगा जरा, रोज यायला,” म्हणत बाईंनी एका मुलीला पुढे केलं. नवशी तिचं नाव. तिची आई अंबूबाई शाळेतच खिचडी शिजवायची. घरातली बाकीची माणसं कापणीला गेली की नवशी धाकट्या भावाला सांभाळत घरी राहायची.

दर्शनने पुस्तकातली पोझ घेतली. पेन्सिल तिच्या खांद्यावर टेकवली आणि पुस्तकातलं वाक्य म्हटलं, “आजपासून तुला मी शिक्षा देणार!”

नवशी रडली नाही, पळाली नाही. उभ्या जागी तिचा फ्रॉक ओला झाला, पायांखाली ओल पसरली. वर्ग हसला. बाईंचा मोबाईल चालू होता.

तो व्हिडिओ बाईंनी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो डहाणूला आला, पालघरला गेला, वापीला गेला. कुणीतरी त्याला ढोलाचं संगीत लावलं. कॉलेजची पोरं एकमेकांच्या खांद्यावर छत्री टेकवून म्हणायला लागली, “तुला मी शिक्षा देणार!” चारोटीला हायवेवरच्या हॉटेलात दर्शन चहा पीत बसला होता, तर शेजारच्या टेबलावर त्याचाच आवाज वाजला. चार अनोळखी माणसं पोट धरून हसली. हा मी आहे, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने चहाचे पैसे दिले आणि बाहेर येऊन उगाचच ट्रक बघत उभा राहिला. सांगायचं कुणाला?

घरी वसुमतीबाईंनी बोंबलाचं कालवण केलं होतं. काशीनाथरावांनी जेवता जेवता मोबाईल पुढे केला.

“हे बघितलंस? काय गाढव आहे बघ. लहान पोरीला मुतवतोय.”

“अहो, जेवताना काय ते,” वसुमतीबाई म्हणाल्या.

“नाही, मला सांग, याला आईबाप नसतील? त्यांना काय वाटत असेल?” मग मुलाकडे बघून, “तुमच्या प्रोजेक्टमधला आहे का रे हा?”

“असेल,” दर्शन म्हणाला. “आमची ओळख नाही.”

तो हसला. बापाला साथ म्हणून हसला. मग कालवण तसंच ठेवून उठला.

तिसऱ्या फेरीला नवशी वर्गात नव्हती. कार्यक्रम उरकून दर्शन पाणी प्यायला स्वयंपाकाच्या शेडमागे गेला आणि मुखवटा वर केला. अंबूबाई डाव घेऊन समोर उभी.

“तूच काय तो? एवढासाच तर हायस.”

दर्शन मुखवटा खाली ओढायला गेला.

“राहू दे. बघितला मी. आता ऐक. माझी पोर शाळेत नाय येत. दिवसभर करवंदीच्या जाळीत बसते. मी बोलली, तो शाळेत येतो, घरी कशाला येईल? तर तुझं पुस्तक दाखवते मला. घरोघरी येणार, असं लिवलंय ना त्यात?”

“मावशी, त्याचा अर्थ तसा नाही. शिक्षा म्हणजे...”

“मला नको सांगू. माझी ऐंशी वर्सांची सासू हाय, तिलाबी शिक्षा म्हणजे काय ते ठाव हाय.”

तिने त्याला पाणी दिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी जीप परतताना दर्शनने चिमणला तलासरीच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानापाशी थांबवलं. जाडा काळा मार्कर घेतला आणि छातीवरच्या नावातला काना खोडून, क्ष आणि वी यांच्यामध्ये, ण कोंबला. वेडावाकडाच आला तो.

“दर्शनभाई, नोकरी जाईल हां,” चिमण म्हणाला.

“जाऊ दे.”

“आणि तो मेळावा? टीव्हीवाले?”

दर्शनने मार्करला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्याच पाड्यावरची शाळा होती. पोरं नेहमीसारखी भिंतीला चिकटली. मग एकाने बोट फिरवत अक्षरं लावली, “शि-क्ष-ण-वीर.” आणि मोठ्याने ओरडला, “ए, हा मारणारा नाय! शिकवणारा हाय!” पोरं एकेक करत सुटी झाली. कुणी फडकं ओढून बघितलं, कुणी पेन्सिलीवर बसलं. दर्शन मुखवट्यात रडला. ते काही फोटोत आलं नाही. पण ण आला.

साहेबांचा फोन दुपारीच आला. वरून विचारणा झाली होती. ब्रँडशी छेडछाड केलीस म्हणाले. पोशाख जमा कर म्हणाले. “तुझ्यासारखे छप्पन मिळतात रे. मुखवट्याला चेहरा लागत नाही.”

एक अक्षर, आणि तुमचं अभियान किती चपळ झालं बघा!

पोशाख जमा करून दर्शन बापाच्या मोटरसायकलवरून उधव्याला गेला. अंबूबाईने जाळी दाखवली आणि ती मागेच थांबली. दर्शन साध्या शर्टात होता. नवशीने त्याला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

“कोण तू?”

“मी... तुझ्या आईच्या ओळखीचा. शाळेत येत नाहीस म्हणे?”

“तिथं शिक्षावीर हाय.”

तो काटक्या मोडत बसला. ज्या नावासाठी त्याने घरी खोटं सांगितलं, बापाच्या हसण्यात हसला, ते नाव असंच कुठेतरी पुसावं लागणार, हे त्याला कळत होतं. जगाला ते नाव कळायच्या आधीच.

“तो मेला,” दर्शन म्हणाला.

नवशी जाळीतून थोडी पुढे आली. “कवा?”

“काल.”

“कसा?”

“जीपमधून उड्या मारायचा ना. पाय घसरला.”

“रडला?”

“रडला.”

“लय?”

“खूप.”

तिने विचार केला. “मग बरं झालं,” ती म्हणाली. “तू येशील संगं? उद्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरून तयार होती. दर्शनचं बोट धरून शाळेपर्यंत बडबडत आली. शिक्षावीर मेला हे रस्त्यात भेटलेल्या दोन पोरांना तिने स्वतःच सांगितलं. अंबूबाई शेडच्या दारात येऊन बघत राहिली, चुलीवरचं विसरून.

आणि फाटकातून जीप आत आली.

चिमणने दर्शनला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मागून जांभळ्या पोशाखातला एकजण उडी मारून उतरला. छातीवर नवं कोरं नाव, तुमच्या मनासारखं. पाय फाकवून त्याने गर्जना केली. दर्शनने स्वतःला समोरून पहिल्यांदाच पाहिलं. तो हललाच नाही.

“ओ दादा,” फोटो काढणारा वैतागला, “जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय.”

दर्शन बाजूला झाला. तेवढ्यात बोट सुटलं.

नवशी ओरडली नाही. तिने त्या जांभळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मान वर करून दर्शनकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “तू तर बोललास, मेला?”

मग ती वळली आणि शेडच्या बाजूने, शेताच्या बांधावरून निघून गेली. चालत गेली. मागे कुणी येतंय का, हे एकदाही बघितलं नाही. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही, आणि दर्शन करवंदीपाशी गेला तर ती त्याच्यापासूनही लपते.

तिने दर्शनला विचारलं, कारण समोर तोच होता. पण नाव त्याने ठेवलं नव्हतं आणि जीप त्याने पाठवली नव्हती. पोर अजून त्या जाळीत बसलीय. तुमच्यापैकी एकाने तिथे जावं, गुडघ्यावर बसून आत वाकावं आणि तिला तोंडावर सांगावं: तो मेला की नाही?