सरळ गाडी

ज्यांना बसची पायरी चढता येत नाही, अशा माणसांसाठी परिवहन खात्याने मागून फळी उतरणाऱ्या छोट्या गाड्या ठेवल्या होत्या. कुणाला दवाखान्यात जायचं असे, कुणाला कामावर, कुणाला नुसतंच बहिणीकडे. या सगळ्यांच्या वाटा एकमेकींत बसवून कुठली गाडी आधी कुणाच्या दारात जाईल, हे एक बाई ठरवत. ड्रायव्हर त्यांना मॅडम म्हणत, प्रवासी मॅडम म्हणत, आणि घरी नवराही थट्टेने तेच म्हणे.

कंट्रोल रूम डेपोच्या पहिल्या मजल्यावर होती, आणि वर जायला लोखंडी जिना होता. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांतला एकही माणूस त्या खोलीपर्यंत पोचू शकत नव्हता. खात्याच्या साहेबांच्या हे कधी ध्यानातही आलं नव्हतं. मॅडमच्या आलं होतं, आणि त्यांना ते बरंच वाटायचं. लोकांना त्यांचा फक्त आवाज माहीत असावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आवाज होताही तसाच. संथ, स्वच्छ, एकेक शब्द ठेवल्यासारखा. सगळं जग गाडीला गाडी म्हणे, मॅडम मात्र वायरलेसवर 'वाहन' म्हणत. "वाहन नंबर तीन, आजोबा खाली आलेत, पुढे व्हा." ड्रायव्हर लोक हसून म्हणत, मॅडम म्हणजे सरकारी परिपत्रकच. त्यामागचं खरं कारण असं, की मॅडमना 'ग' म्हणता येत नसे. शब्दाच्या सुरुवातीला 'ग' आला की लहानपणापासून त्यांची जीभ तिथेच रुतून बसायची. वर्षानुवर्षं आडवाटा शोधून त्यांनी तो एक शब्द टाळायला शिकून घेतलं होतं, आणि ज्या खोलीत दिवसभर गाड्यांचंच बोलणं, तिथे बसून नाव कमावलं होतं.

हे ज्यांना ठाऊक होतं अशा माणसांत पहिल्या होत्या त्यांच्या वन्सं.

मॅडम लग्न होऊन आल्या तेव्हा घरात वन्संचं राज्य होतं. नवऱ्याची थोरली बहीण, नवरा लवकर गेलेली, जिभेला धार आणि चार माणसांत बसायची हौस. पाहुणे आले की त्या सुनेला हाक मारत. "अगं, विचार ना सगळ्यांना, चहा गरम हवा की गार?" नवी सून ट्रे धरून उभी राही. "ग... ग... ग..." कपबशा वाजू लागत. वन्सं डोळे मोठे करून पाहुण्यांकडे बघत आणि म्हणत, "थांबा हं, इंजिन तापतंय." सगळे हसत. नवराही हसे, आणि रात्री म्हणे, "ताईचा स्वभाव आहे, मनावर घेऊ नकोस." पुढे वन्सं स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तरी सणासमारंभाला भेट झाली की तो चहा निघायचाच.

मग वन्संना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायामासाठी उपचार केंद्रात येत राहिलात तर हात सुटेल, नाहीतर असाच आखडेल. नवरा घरी येऊन म्हणाला, "तुझ्याच हातात आहे सगळं. ताईला गाडी लावून दे."

"देते की," मॅडम म्हणाल्या. "नियमाप्रमाणे."

आणि त्यांनी नियमाप्रमाणेच दिली. वन्संचं घर केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. मॅडमनी त्यांना सगळ्यांत आधी उचलायचं आणि सगळ्यांत शेवटी सोडायचं असा मार्ग आखला. व्हीलचेअर पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली, आणि वन्सं गावभर फिरताहेत. या दाराशी थांब, त्या गल्लीत वळ, फळी खाली, फळी वर. ड्रायव्हर तात्या म्हातारा होता, मायाळू होता. त्याने एकदा विचारलं, "मॅडम, आजींचं घर वाटेतच लागतं. आधी सोडू का?"

"मार्ग ठरलेला आहे, तात्या. एकाला सूट दिली की सगळे मागतात."

संध्याकाळी घरी भाजी निवडताना मॅडम डोळ्यांपुढे आणत, की वन्संची मान आता अवघडली असेल, कंबर भरून आली असेल. त्यांना छान भूक लागायची. रविवारी नवरा बहिणीकडे जाऊन येई, तेव्हा त्या विचारत, "प्रवास कसा होतो म्हणाल्या?"

"काही बोलली नाही बुवा. उलट खुशीत होती."

खुशीत हा शब्द मॅडमना खटकला, पण त्यांनी तो सोडून दिला. माणूस अभिमानी असलं की दुखणं लपवतं.

त्याच गाडीत गाण्याचे मास्तर असत. दृष्टी नव्हती, कान मात्र तिखट. कुणाचीही नक्कल हुबेहूब करायचे. एके दिवशी परतीच्या वेळी त्यांची गाडी रस्त्यातल्या खोदकामामुळे अडकली, म्हणून त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला. मॅडमनी उचलला.

"मॅडम," मास्तर लाडात येऊन म्हणाले, "आमची ग... ग... ग... गाडी कधी हो येणार?"

फोनमधून मागच्या दोघातिघांचं हसू ऐकू आलं. ते सगळे मास्तरांसोबत केंद्राच्या दाराशी थांबले होते.

"हे... हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आता रागावू नका बुवा. तुमच्या वन्सं काय एकेक किस्से सांगतात! आमचा रस्ता कसा सरतो कळत नाही. चहाचा किस्सा तर रोज फर्माईश करून ऐकतो आम्ही. तुम्ही 'वाहन' का म्हणता, हे कोडं त्यांनीच सोडवलं. इंजिन तापतंय, हा हा!" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "प्रेमानेच सांगतात हो."

मॅडमनी फोन ठेवला. आता सगळं उलगडलं. वन्संना आयुष्यभर हवी होती ती बैठक मॅडमनीच भरवून दिली होती. सकाळ-संध्याकाळ, हक्काचे श्रोते, आणि तेही पट्ट्यांनी बांधलेले. जितका मार्ग लांब, तितका किस्सा रंगत होता.

तेवढ्यात वायरलेसवर तात्याचा आवाज आला. "मॅडम, इथून वळू का मागून येऊ?"

त्यांना 'मागून' म्हणायचं होतं. साधा शब्द. तोंडात आला तो मात्र 'गल्लीतून'. "ग..." त्या म्हणाल्या. "ग... ग..." बटण दाबलेलंच राहिलं. सगळ्या गाड्यांत ते ऐकू गेलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि पटकन बंद झालं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान खाली घातली. तिची ती कीव मॅडमना हसण्यापेक्षा जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "एका वृद्ध बाईंना फार लांब फिरावं लागतं, साहेब. त्यांना सरळ वाहन द्यावं म्हणते. एकट्यांना. घर ते केंद्र, केंद्र ते घर."

"अहो, हे तर फार चांगलं!" साहेब खूश झाले. पुढच्या बैठकीत त्यांनी मॅडमचं नाव घेऊन सांगितलं, की संवेदनशीलता म्हणजे काय ते इथून शिका.

त्या गाडीवर मॅडमनी ड्रायव्हरही निवडून दिला. माणूस कामाला चोख, पण तोंड उघडायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. डेपोत त्याला सगळे मौनीबाबा म्हणत.

आता वन्संच्या दाराशी रिकामी गाडी येई. मौनीबाबा पट्ट्या आवळून पुढे जाऊन बसे. आरशात त्याचं कपाळ तेवढं दिसे. वन्सं सुरुवातीला त्याच्याशीच बोलायला गेल्या. बायको काय करते, मुलं किती, चहा पिऊन आलास का. तो हूं करी, नाहीतर तेही नाही. गोष्ट सुरू व्हायच्या आत घर येई. घरी दिवसभर कुणी नसे, कामवाली सकाळी येऊन जेवण झाकून जाई. वन्संनी भिंतीवरचं कॅलेंडर किती बघायचं?

त्यांनी फोन केला. "अगं, मी बोलतेय. मला पहिल्याच गाडीत बसव बाई. मला काही घाई नसते."

"तुमच्या सोयीसाठीच केलंय, वन्सं."

"मला नको ती सोय."

"साहेबांची मंजुरी आहे. आता बदलता येत नाही."

काही दिवस गेले. मग एका दुपारी मौनीबाबाची गाडी ठरलेलं नसताना डेपोत येऊन थांबली. वन्संनी हट्टच धरला होता. खिडकीतून मॅडमना फळी उतरताना दिसली, व्हीलचेअर जिन्याच्या तोंडाशी आलेली दिसली. वन्संनी मान वर करून जिना पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मौनीबाबाने गाडीतला माईक ओढून त्यांच्या तोंडाशी धरला.

"ऐकतेस ना?" सगळ्या गाड्यांत वन्संचा आवाज घुमला. "माझं चुकलं. मी तुझी टिंगल करायला नको होती. यापुढे एक अक्षर बोलणार नाही, शपथ. पण मला माणसांत बसव. मी घरात वेडी होईन गं." मग रडणं. त्यांना रडताना कुणी ऐकलं नव्हतं आजवर. वायरलेसवर तात्या म्हणाला, "मॅडम, माझ्या गाडीत जागा आहे."

हो म्हणायला एक शब्द लागला असता. मॅडमनी बटण दाबलं. त्यांचा आवाज पूर्वीसारखा संथ, स्वच्छ होता.

"सर्व वाहनांनी लक्ष द्यावं. वायरलेस कामाच्या बोलण्यासाठी आहे. खासगी बोलणं कृपया टाळावं."

शेजारच्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्या नजरेत कीव नव्हती, भीती होती. मॅडमना ती चालली.

त्यानंतर वन्सं व्यायामाला जाईनाशा झाल्या. गाडी दाराशी येई, भोंगा वाजवून परत जाई. काही वेळा असं झालं की नियमाप्रमाणे नाव कमी होतं, तसं ते झालं. हात आखडला, बोटं तळव्यात रुतली. नवऱ्याला कळलं तेव्हा वेळ गेली होती. तो बायकोशी भांडला नाही, कारण भांडायला कारणच सापडेना. सगळ्यांनी सांगितलं, तुमच्या मिसेसनी तर खास सरळ गाडी दिली होती. तो बहिणीला घरी घेऊन आला आणि मागच्या खोलीत तिची कॉट लावली.

पहिले काही दिवस मॅडम टोमण्याची वाट बघत राहिल्या. टोमणा आला नाही. वन्सं छताकडे बघत पडून असत. पाहुणे आले तर डोळे मिटून घेत.

एका संध्याकाळी नवरा बाहेर गेला होता. मॅडम स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. मागच्या खोलीतून आवाज आला, चाचरत, परक्या माणसाशी बोलावं तसा.

"मॅडम... जरा पाणी मिळेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा वन्संनी त्यांना मॅडम म्हटलं होतं. मॅडमचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी उरलेली भाजी चिरली, कढईत टाकली, सुरी धुऊन जागेवर ठेवली, ओटा पुसला.

"मॅडम?"

"आले," त्या म्हणाल्या, आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या.